तरळेच्या पात्रातली दवंडी

संयुक्त तरळा संस्थानाच्या स्थापनेचा अधिकृत वृत्तान्त निंबगडच्या दरबारी छापखान्यात गुळगुळीत कागदावर छापला गेला. त्याच्या शेवटच्या पानावर पुढील वाक्य आहे: "अक्षय्य तृतीयेच्या सुमुहूर्तावर उभय अधिपतींनी नदीच्या मध्यभागी परस्परांस आलिंगन दिले; तो प्रसंग परिपूर्ण सौहार्दाने पार पडला; वरच्या खोऱ्यात अवकाळी पर्जन्य झाल्याने नदीस अकस्मात लोंढा येऊन वाळूतील काही वेलांची किरकोळ हानी झाली."

इतिहास शिकवताना मी मुलांना नेहमी सांगत आले की, कागद खोटा निघाला म्हणून फेकून देऊ नये. खोटे कोणत्या क्रमाने रचले आहे ते पाहावे. त्या दृष्टीने हे वाक्य नमुनेदार आहे. पर्जन्य झाला नाही. त्या वैशाखात निंबगडच्या आभाळात घारींखेरीज कोणी फिरकले नव्हते. लोंढा अकस्मात आला नाही. तो मागवून घेतला होता. 'काही वेल' म्हणून ज्यांचा उल्लेख आहे त्यांना नावे होती, आणि त्यांतल्या एकीबरोबर मी लहानपणी सागरगोटे खेळले होते. उरता उरले सौहार्द. ते मात्र होते, आणि माणसे मेली ती त्याच्याच अतिरेकापायी, असे मी पुष्कळ वर्षे समजत होते. तेही खरे नव्हते.

वाक्य माझ्या वडिलांचे आहे. निंबगडचे दिवाण त्र्यंबकराव करंबेळकर अर्धविराम फार सुरेख वापरीत.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी मी तरळेच्या कोरड्या पात्रात, गोजराच्या खोपटापुढे उभी होते. पुण्याच्या कॉलेजातून सुटीला आले होते. एकोणीस वर्षांची होते. इंग्रज जाणार हे ठरले होते, आणि धाकट्या संस्थानिकांनी एकमेकांचे हात धरून उभे राहावे, म्हणजे कोणी पटकन गिळणार नाही, असे शहाण्या माणसांचे मत पडले होते. म्हणून निंबगड, सावरखेड आणि भोवतालच्या दोनतीन जहागिरी मिळून संघ व्हायचा होता. गोजरा भोयाची. उन्हाळ्यात नदी आटली की तिचे लोक वाळूत उतरत, खोपटी बांधत आणि कलिंगडांच्या वाड्या लावत.

"या, दिवानसायबाच्या लेकी," गोजरा म्हणाली. "शिकून शिकून पार काटकी झालाय की वो! पुन्यात खायाला घालत न्हाईत का?"

"घालतात. कलिंगड घालत नाहीत."

"मंग बसा हितं."

तिची तान्ही मुलगी पाठीशी लुगड्यात बांधलेली होती. तिला तशीच घेऊन ती वेलांतून फिरली, चारदोन फळांवर टिचक्या मारून कान लावला आणि एक उचलून आणले. खोपटाच्या सावलीत तिची सासू ताराक्का बसली होती. ती म्हणाली, "कच्चं फोडू नगंस गं. दिवानाची लेक हाय. तिचा बा फाशी द्यायचा."

"आत्ती, त्येंचा बा फाशी देत न्हाई. त्यो कागूद देतो."

दोघी खदखदून हसल्या. मीही हसले, कारण ते खरे होते.

निंबगड आणि सावरखेड यांचे भांडण कागदांचेच होते. तरळेचा डावा काठ आमचा, उजवा त्यांचा; मधले पात्र कोणाचे, याचा निकाल कैक पिढ्यांत लागला नव्हता. वरच्या अंगाला निंबगडचा लक्ष्मीसागर तलाव होता. त्यातून उन्हाळ्यात नदीत पाणी सोडायचे झाले की आमचा हलगीवाला पात्रात उतरून दवंडी देई. दिवस उलटायच्या आत सावरखेडहून निषेधाचा खलिता येई, की आपण आमच्या हद्दीत दवंडी दिलीत. मग तेही त्याच पाण्याची वर्दी देण्याच्या निमित्ताने आपला हलगीवाला वाळूत धाडीत, आणि आमचा खलिता जाई. 'ज्याची दवंडी त्याची जमीन' असा त्या मुलुखाचा दंडक होता. दोन्ही दरबारांची कपाटे या खलित्यांनी भरली होती. पण भोयांना पाणी येण्याची वर्दी त्यामुळे दोनदा मिळे, हेही खरे. त्याची किंमत म्हणून दोन्हीकडचे शिपाई फळेही दोनदा उचलून नेत.

"औंदा कुनी फिरकलंच न्हाई," गोजरा फळ गुडघ्यावर फोडत म्हणाली. "ना तुमचा शिपाई, ना त्येंचा. समदी फळं आमची. ह्यो संघ का काय म्हनत्यात, त्यो झाला तर बरंच हाय."

"उद्या होतोय."

"मांडव दिसतोय की. दोन राजं नावंत बसून मधी भेटनार म्हनं. वाळूत नाव चालवायची कशी वो? बैलं जुपनार?"

"पाणी सोडतील."

"सोडूंद्या. हलगी वाजली की आमी काठाला. तवर काय घाई न्हाई." तिने लालभडक फोड माझ्या हातात ठेवली. "हलगी वाजल्याबिगर पानी आल्याचं म्हाताऱ्या मान्सांनी बी ऐकल्यालं न्हाई."

दुपारच्या चहाला मी वडिलांना विचारले, "नाना, उद्या पाणी सोडणार ना? पात्रात भोई आहेत. दवंडी कधी आहे?"

नाना समारंभाचे भाषण तपासत होते. त्यांनी लेखणी दौतीच्या कडेला टेकवली. कोणाचाही प्रश्न ऐकताना लेखणी खाली ठेवायची, ही त्यांची रीत होती, शिपायाशी बोलतानासुद्धा.

"दवंडी नाही," ते म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"सौहार्दनाम्याचे तिसरे कलम. उभय संस्थानांनी तरळेच्या पात्रात दवंडी, फळवसुली किंवा कोणतेही स्वामित्वदर्शक कृत्य करू नये. ते कलम मी घातलं, शरयू. त्या कलमावर सावरखेडकर एका बैठकीत राजी झाले. जे आजोबा-पणजोबांना साधलं नाही, ते एका वाक्यात साधलं."

"पण मग त्या लोकांना कळणार कसं?"

"दोन्ही काठांच्या गावांत वर्दी दिली आहे. शिवाय पाणी कितीसं असणार! तलावाचं एक दार, तेही निम्मं उचलायचं. घाटाखालच्या डोहात नाव तरंगण्यापुरतं पाणी साठलं की झालं. बाकीचं वाळू पिऊन टाकते. घोटे भिजतील त्यांचे. वैशाखात घोटे भिजले तर कोणी तक्रार करीत नाही."

ते हसले आणि लेखणी उचलली. माझे समाधान झाले. नानांचे बोलणे ऐकून समाधान न झालेला माणूस तोवर मी पाहिला नव्हता.

अक्षय्य तृतीयेला मुहूर्त सकाळचा होता. आमच्या काठावरच्या उंच घाटावर शामियाना घातला होता. तिथून वरच्या अंगाला नदी वळण घेते, त्या वळणावर गोजराची आणि आणखी चारदोन खोपटी ठिपक्यांसारखी दिसत होती. खाली डोहाच्या दोन्ही कडांना झेंडूच्या माळा घातलेल्या दोन नावा होत्या. एकीत आमचे राजेसाहेब बसले होते, दुसरीत सावरखेडचे सरकार. दोन्ही नावा चिखलात कलल्या होत्या.

पाणी आले नव्हते. पहाटे उचललेल्या निम्म्या दाराचे पाणी वाटेतच वाळूने पिऊन टाकले होते. डोहात जे पोचले त्यात बदक पोहले असते, राजा नव्हे.

शामियान्यात सावरखेडचे दिवाण जिवाजीराव मानकर नानांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. मिशा पांढऱ्या, बोलणे मोकळे. "त्र्यंबकराव," ते म्हणाले, "तुमच्या नदीला आमंत्रण गेलं होतं ना?"

"आपली नदी म्हणा, जिवाजीराव. आजपासून आपली."

"आपली म्हणून तर विचारतोय. तुमची असती तर मी बोललो नसतो."

जोशीबुवा घटिकापात्रावरची नजर न काढता पुटपुटले, "मुहूर्त सरायला लागला, दिवाणसाहेब."

तेवढ्यात खालच्या नावेतून सावरखेडच्या सरकारांचा खणखणीत आवाज आला. "दिवाणजी! आमच्याकडे नावा पाण्यात चालवण्याची चाल आहे!"

दोन्ही काठांवर हशा पिकला. आमचे राजेसाहेब हसले नाहीत. त्यांनी वर घाटाकडे, नानांकडे पाहिले. नानांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते उठले, उपरणे सारखे केले आणि शामियान्यामागच्या तंबूत गेले. समारंभापुरती टेलिफोनची तार तिथवर आणली होती.

परत आले ते प्रसन्न चेहऱ्याने. "पाणी येतं आहे," त्यांनी जाहीर केले.

मी जवळ जाऊन हळूच विचारले, "एकच दार ना, नाना?"

"शरयू, पाहुण्यांना सरबत विचार."

मी सरबत विचारत फिरले. बायकांच्या बाजूला बोलणे चालले होते, ते सावरखेडच्या राणीसाहेबांच्या नथीविषयी. बऱ्याच वेळाने वरच्या अंगाने आवाज ऐकू आला, आधी दूरच्या गाडीसारखा, मग सुपात धान्य पाखडल्यासारखा. त्याच क्षणी बँडमास्तरने हात उचलला, तोफ उडाली, आणि नदीचा आवाज बँडच्या आवाजात मिसळून गेला. वळणावर खोपटी होती तिथे तपकिरी रंगाची एक भिंत सरकताना मला दिसली. ती थांबली नाही. खोपटी होती तिथे काहीच उरले नाही.

"नाना!" मी ओरडले. कोणीच वळून पाहिले नाही. सगळेच ओरडत होते. डोह भरत होता, नावा उचलल्या जात होत्या, माळा पाण्यात पसरत होत्या. नावाड्यांनी वल्ही मारली. दोन्ही नावा मध्यावर एकमेकींना टेकल्या आणि दोन्ही राजे उभे राहिले. त्यांनी मिठी मारली. नावा डुलल्या तशी मिठी आणखी घट्ट झाली, आणि लोकांनी त्याचा अर्थ प्रेम असा लावला.

तेव्हा कलिंगडे आली.

हिरवी, गोल, भिजून चकचकणारी, शेकडो. ती नावांभोवती गोळा झाली. शामियान्यातला कोणीतरी उत्साही मानकरी ओरडला, "वा! नदीनंच नजराणा धाडला!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सावरखेडच्या सरकारांनी वाकून एक कलिंगड उचलले आणि ते आमच्या राजेसाहेबांच्या हाती दिले, पुन्हा टाळ्या. कलिंगडांमागून एका खोपटाचे छप्पर आले. त्यावर एक कोंबडी बसली होती. तिच्याकडे बोट दाखवून बायका हसल्या.

छपरामागून ताराक्का आली. पालथी.

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या थांबल्या. मागच्यांना दिसत नव्हते, त्यांच्या चालू राहिल्या.

तलावाची दारे पुन्हा खाली सोडली गेली, आणि दुपारी पाणी ओसरले. वाळूने पाणी प्यायचे आपले काम पुन्हा सुरू केले. गोजरा वळणाखाली, पात्राच्या ऐन मध्यावर, एका शेराच्या झुडपाला अडकलेली सापडली. मुलगी पाठीवर लुगड्यात तशीच होती. गाठ पक्की होती.

तिचा नवरा केरबा त्या सकाळी सावरखेडच्या बाजारात फळे विकायला गेला होता. तो धावत आला आणि दोघींपाशी बसला. मी जाऊन त्याच्या शेजारी बसले. आमच्या काठावर निंबगडचे फौजदार उभे होते, समोरच्या काठावर सावरखेडचे. वाळूत कोणीच उतरत नव्हते.

"सायेब," केरबाने आमच्या फौजदारांना हाक मारली, "उचलू का?"

"थांब. पंचनामा व्हायचाय."

"मंग करा की."

"कोणी करायचा ते ठरतंय."

केरबाने दुसऱ्या काठाकडे तोंड केले. "सायेब, तुमी करता?"

पलीकडच्या फौजदारांनी मान वळवली. त्यांचाही इलाज नव्हता. प्रेते पात्रात होती. ज्याने पंचनामा केला त्याची हद्द सिद्ध झाली असती, आणि तिसऱ्या कलमाने सगळीच स्वामित्वदर्शक कृत्ये मना केली होती. वर शामियान्यात, सरबताचे पेले अजून उचललेले नव्हते तिथे, नाना आणि जिवाजीराव एका टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होते.

ऊन उतरेना. मी माझा रुमाल गोजराच्या तोंडावर घातला. तरी माश्या बसतच होत्या.

"ताईसाब," केरबा म्हणाला, "म्या बाजारात हुतो. म्हून मला हलगी ऐकू आली न्हाई, का वाजलीच न्हाई?"

"वाजली नाही."

"तुमची?"

"नाही."

"त्येंची बी न्हाई?"

"कोणाचीच नाही, केरबा."

त्याला ते समजेना. तो बोटाने वाळूत रेघा ओढत राहिला. "दोगांची वाजायची वो," तो म्हणाला. "दरसाल दोगांची वाजायची. ही म्हनायची, येवढा कालवा कशापायी, एकानं वाजवली तर भागत न्हाई का?"

सूर्य कलल्यावर दोन्ही फौजदार एकाच वेळी, एकमेकांकडे पाहत, पाऊल मोजून वाळूत उतरले. संयुक्त पंचनामा झाला. संघाने मिळून केलेले ते पहिले काम. केरबाने दोघींना उचलले तेव्हा त्याला हात द्यायला कोणत्याही संस्थानाचा माणूस पुढे आला नाही. आम्ही दोघांनीच उचलले.

घरी आल्यावर मी पंचनामा पाहायला मागितला. नानांनी तो दिला. माझ्यापासून त्यांनी कधी कागद लपवला नाही.

"पाऊस?" मी विचारले. "नाना, पाऊस कुठे पडला?"

"पाणी सोडलं असं लिहिलं तर सोडणारा दोषी ठरतो. दवंडी दिली नाही असं लिहिलं तर कोणी द्यायला हवी होती हा प्रश्न येतो, म्हणजे पात्र कोणाचं हा प्रश्न येतो. कोणतंही कारण घेतलंस तरी ते कोणाच्या ना कोणाच्या हद्दीत घडतं." ते थकले होते. डोळे ओले होते, आणि ते खोटे ओले नव्हते. "पाऊस कोणाच्याच हद्दीत नसतो, बाळ."

"माणसं मेली, नाना."

"हो. मला वाटलं जिवाजीराव कळवतील, जिवाजीरावांना वाटलं मी कळवीन. एकमेकांचा मान राखण्याच्या भरात राहून गेलं. हे ओझं माझ्या छातीवर जन्मभर राहील."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. रागावले, पण विश्वास ठेवला. सज्जन माणसांच्या हातून संकोचापोटी घडलेला अनर्थ, असे त्या घटनेचे नाव मी मनात ठेवून दिले. केरबा त्या पावसाळ्यानंतर त्या मुलुखात कोणाला दिसला नाही.

संघ वर्षभरसुद्धा टिकला नाही. पुढच्या साली दोन्ही संस्थाने मुंबई इलाख्यात विलीन झाली. डावा काठ, उजवा काठ आणि मधले पात्र एकाच कलेक्टरच्या ताब्यात गेले. इतक्या पिढ्यांच्या प्रश्नाचा निकाल लागला तो असा, आणि लागला हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

पुढे पंचवीसएक वर्षांनी नानांचे चाहते त्यांच्यासाठी गौरवग्रंथ काढू लागले. 'सौहार्दाचा शिल्पकार' असा मथळा ठरला होता. मुलगी आणि इतिहासकार या दुहेरी पात्रतेमुळे प्रस्तावना माझ्याकडे आली. साधने गोळा करण्यासाठी मी जिवाजीराव मानकरांना भेटायला गेले. ते फार म्हातारे झाले होते. दिसत कमी होते, बोलणे तसेच मोकळे.

"तुमच्या नानांइतका सुसंस्कृत माणूस मी पाहिला नाही," ते म्हणाले. "हे लिहा. पण बाई, तुम्ही विचारताच आहात म्हणून सांगतो. ते तंबूतून टेलिफोन करून आले ना, तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो, त्र्यंबकराव, वर पात्रात भोई आहेत. तुमचा हलगीवाला घोड्यावर घालून पिटाळा. कलम बाजूला ठेवा. माझी परवानगी आहे, हवी तर लेखी देतो."

"तुम्ही म्हणाला होतात?"

"म्हणालो."

"मग?"

"हसले. म्हणाले, आपली कृपा. आणि मला विडा दिला."

"त्यांनी नाही पाठवला, तर तुम्ही का नाही पाठवलात तुमचा?"

जिवाजीरावांनी काठीची मूठ चोळली. "तुमचा काठ होता, बाई. तुमचा समारंभ. यजमानाच्या दारात आपण ढोल वाजवायचा, हे बरं दिसलं नसतं." मग म्हणाले, "मी भ्यालो असं लिहा. पण त्यांनी का नाकारलं ते मला विचारू नका. ते तुमच्याच घरात आहे."

मी पुण्याला परतले ती सरळ नानांकडे गेले. सकाळची वेळ होती. ते गॅलरीत आरामखुर्चीत बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. पंचाहत्तरी उलटली होती, पण कातरण एकसारखी, कागदासारखी पातळ पडत होती. मी जिवाजीरावांचे बोलणे जसेच्या तसे सांगितले. ऐकताना त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"जिवाजीरावांची स्मरणशक्ती शाबूत आहे तर," ते म्हणाले.

"खरं आहे?"

"खरं आहे."

"मग मला तेव्हा सांगितलंत ते? एकमेकांचा मान राखता राखता राहून गेलं, ते?"

"ते तुझ्यासाठी होतं. तू एकोणीस वर्षांची होतीस."

"आता मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. का नाकारलंत, नाना?"

खाली रस्त्यावर भाजीवाली ओरडत गेली. तिचा आवाज कोपऱ्यावर विरेपर्यंत ते थांबले. दुसऱ्याच्या बोलण्यात आपले बोलणे मिसळू देण्याची त्यांना सवय नव्हती.

"गौरवग्रंथात घालणार आहेस?"

"ग्रंथ निघणार नाही. मी समितीला तसं कळवणार आहे."

त्यांनी मान हलवली. रागाने नव्हे, एखाद्या हुशार हाताखालच्याने योग्य शेरा मारला की हलवत तशी. "मग वही काढ. मी सांगतो तसं लिहून घे. तोंडी सांगितलेलं तुम्ही लोक आपापल्या भाषेत लिहिता, आणि मग ते माझं राहत नाही."

मी वही काढली. दिवाणगिरीच्या दिवसांत खलिता सांगत तसे ते सांगत गेले. न अडखळता, विरामचिन्हांच्या जागी क्षणभर थांबून. एकदाही त्यांनी मागचा शब्द खोडायला सांगितला नाही. मी त्यात काना-मात्रेचाही फरक केलेला नाही:

"जिवाजीरावांनी पात्रात दवंडी देण्याची परवानगी देऊ केली, ती मी घेतली नाही. परवानगी घेऊन दवंडी दिली असती, तर परवानगी देणारा पात्राचा धनी ठरला असता, आणि उद्या संघ मोडला असता तर तो दाखला निंबगडच्या विरुद्ध कायमचा राहिला असता. संघ मोडणार, हे मी पहिल्या बैठकीपासून धरून चाललो होतो. तिसरे कलम मी त्यासाठीच घातले होते, की मधल्या काळात त्यांचा हक्क वाढू नये. सगळी दारे पूर्ण उचलण्याचा हुकूम टेलिफोनवरून मी दिला. पात्रात माणसे आहेत हे मी विसरलो नव्हतो. जिवाजीराव बोलल्यानंतर मी दुर्बीण लावून वळणाकडे पाहिले. एक बाई वाळूवर लुगडे वाळत घालीत होती. पाणी अजून कोठे दिसत नव्हते. म्हणजे अवकाश होता. मी दुर्बीण पेटीत ठेवली."